पाच दिवसांचं तळघर

सेक्टर ६, भिलाई
९ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाईस,
धाकट्या भावाचा, देवीदासचा नमस्कार.

तुझ्या कानाचं मशीन पुन्हा बंद पडलं म्हणे. फोनवर मी ओरडतो, तू नुसती हं हं करतेस, अन् शेवटी दोघंही थकतो. म्हून पत्र लिहून राहिलो. प्लांटमधी चौतीस वर्षं रिपोर्ट लिहिले, हात बसलेला आहे.

बातमी अशी की घराचं काम सुरू होऊन राहिलं. प्लांटचं हे क्वार्टर जूनपर्यंत खाली करून द्यायचं आहे. जामुलच्या रस्त्यावर बारा वर्षांपूर्वी घेतलेला तो प्लॉट तू पाहिला होता, तिथंच. त्यात आता एक नवीन गोष्ट निघाली. कौस्तुभ म्हणते, घराखाली तळघर काढू. इथं खेड्यापाड्यातून पोरं-पोरी कोचिंगसाठी येतात, दहा बाय दहाच्या खोलीत चार चार जण राहतात, त्यांले वाचायला जागा नाई. तळघरात साठ खुर्च्या बसतात. कूलरची गरज नाई, उन्हाळ्यातही थंड. त्याची नोकरी गेल्यापासून पोरगा बोलत नव्हता बाई, आता बोलून राहिला. म्हून मीही हो म्हटलं.

तळघर साधं बांधलं तर चार महिने लागतात. पण आता रायपूरकडच्या एका कारखान्यात सिमेंटच्या भिंती तयार ओतून मिळतात. खड्डा खोदायचा, ट्रेलरवर भिंती येतात, क्रेननं खाली सोडायच्या, नटबोल्टनं जोडायच्या. पाच दिवसांत तळघर तयार. खर्चही कमी सांगतात. कौस्तुभच्या आईले पटलं नाई, पण सीमा कोणत्या गोष्टीले पटकन हो म्हणते?

तुझी तब्येत कळव.

तुझा
देवीदास


गोंदिया
२१ जानेवारी २०२४

चि. देवीदासले आशीर्वाद.

पत्र मिळालं. कौस्तुभ कामाले लागते हे वाचून बरं वाटलं. सीमाले म्हण, बाईनं विचारलं आहे.

मले तुझ्या तयार भिंतींमधलं काही समजत नाई. पण खड्ड्यामधलं समजते. हे रेल्वेत मिस्त्री होते, पुलियाच्या कामावर असले की मी डबा घेऊन जायची. खड्डा छातीच्या वर गेला की बाजूच्या मातीले पाट्या लावून, बल्ल्या ठोकून टेका दिल्याशिवाय हे एका माणसाले खाली उतरू देत नव्हते. एकदा त्याच्यावरून वरच्या साहेबासोबत भांडले, अन् बदली होऊन सहा महिने डोंगरगडले पडून राहिले. तुमच्याकडची माती काळी. उन्हात दगडासारखी दिसते अन् पाणी लागलं की लोण्यासारखी होते.

तर तुमच्या खड्ड्याले टेका देणार आहेत का? तेवढं लिही.

मशीन दुरुस्तीले टाकलं आहे. नाई झालं तरी चालते, बोलण्यासारखं राहिलं तरी कोण.

बाई


सेक्टर ६
२७ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप बाईस नमस्कार.

उशीर झाला, माफ कर. खड्डा झाला. जेसीबीनं दोन दिवसांत दहा फूट माती काढली. आपला प्लॉट लहान, म्हून बाजू उतरत्या घेता आल्या नाईत, सरळ कापाव्या लागल्या. उत्तरेकडं शेजारच्या साहूजींचा संडासाचा शोषखड्डा आहे, तिकडची माती जरा ओली आहे. साहूजी येऊन म्हणाले, "भाईसाहब, इतना पास मत काटिए." चांगला माणूस, पण घाबरट.

ट्रेलर सव्वीसले येणार होता, आता सहा मार्च म्हणतात. कारखान्यात क्रेन बिघडली. अन् तो कमी खर्चही काही कमी राहिला नाई. जो भाव सांगितला तो फक्त भिंतींचा निघाला. ट्रेलर वेगळा, उचलणारी हायड्रा क्रेन वेगळी, खाली अंथरायची गिट्टी वेगळी, जोडात भरायचा मसालाही वेगळा. कौस्तुभ रोज नवीन कागद आणते. ठेकेदार प्रितम म्हणून आहे, तरुण आहे पण होशियार. बाकी सगळं तो पाहून घेते.

सीमाचा गुडघा दुखून राहिला. बाकी ठीक.

देवीदास


गोंदिया
४ मार्च २०२४

चि. देवीदास,

पत्र दोनदा वाचलं. मी एक गोष्ट विचारली होती, तिचं उत्तर त्यात नाई.

खड्डा उघडा ठेवून किती दिवस झाले? प्रितम पाहून घेते म्हणजे काय पाहून घेते?

रागावू नको. उत्तर लिही.

बाई


सेक्टर ६
१८ मार्च २०२४

तीर्थरूप बाईस नमस्कार.

तुझं पत्र आलं तोवर उशीर झाला होता.

सहा तारखेले सकाळी कामावर अपघात झाला. उत्तरेकडची माती खड्ड्यात पडली. एक मजूर खाली होता, तो वारला. त्याची ड्यूटी तेव्हा सुरू झाली नव्हती. आदल्या दिवशी त्याचं काही सामान खाली राहिलं होतं, ते आणायला तो कोणाले न विचारता उतरला असं प्रितमनं पोलिसांले सांगितलं. मीही घरमालक म्हून तसा जबाब दिला. प्रितमनं त्याच्या घरच्यांले क्रियाकर्मासाठी पन्नास हजार दिले.

तीन दिवस काम बंद होतं. मग परवानगी मिळाली. अकरा ते पंधरा तारखेत भिंती बसल्या. खरंच पाच दिवसांत बसल्या.

तू काळजी करू नको. आमच्यापैकी कोणाले काही झालं नाई.

देवीदास


गोंदिया
२५ मार्च २०२४

देवीदास,

"एक मजूर." तुझ्या पत्रात साहूजींचं नाव आहे, प्रितमचं आहे. जो मेला त्याचं नाई.

त्याचं नाव काय होतं? कुठला होता? बायको आहे? लेकरं आहेत? अन् असं कोणतं सामान होतं बापा, जे दहा फूट खाली राहून गेलं?

लहानपणी तू खोटं बोलला की मान खाली घालायचा. आता मले तुझी मान दिसत नाई. पण तुझं पत्र एवढं छोटं कधी नसते.

बाई


सेक्टर ६
८ एप्रिल २०२४

बाई,

त्याचं नाव चिंधू होतं. आडनाव पोलिसांच्या कागदावर होतं, पण मी कागद वाचला नाई, सही केली फक्त. वय चाळीसच्या आसपास. जामुलले सिमेंट फॅक्टरीच्या मागच्या वस्तीत राहायचा. बायकोचं नाव बिसाहिन. मुलगी सातवीत आहे.

सामान काही नव्हतं.

आता सगळं लिहितो. टेक्याचं प्रितमनं जानेवारीतच सांगितलं होतं. लोखंडी पत्रे अन् आडवे टेकू लावायला आठ दिवस अन् एक लाख पंधरा हजार. मीच म्हटलं, खड्डा दोन दिवस उघडा राहणार, त्यासाठी एवढं कावून करायचं? कौस्तुभचं म्हणणं होतं की लावू. मी त्याले गप्प केलं. मग ट्रेलर लांबला अन् दोन दिवसांचे अकरा दिवस झाले. तेव्हाही लावता आला असता.

सहा तारखेले ट्रेलर पहाटेच आला. हायड्रा येऊन उभी होती, तिचं भाडं तासावर. साडेआठले पाहिलं तर खाली उत्तरेच्या कोपऱ्यात गिट्टी वरखाली होती. भिंत तिच्यावर सरळ बसली नसती. हातानं सारखी करायले एक माणूस उतरायला पाहिजे होता. बाकीचे दोघं चहाले गेले होते. प्रितम रस्त्यावर फोनवर होता. चिंधू काठावर उभा होता. त्यानं वाकून बाजूच्या मातीले तळवा लावला अन् मले म्हणाला, "ए डहर के माटी गीला हे साहेब, ओदर जाही." इकडची माती ओली आहे, ढासळेल.

मी पाहिलं होतं बाई. मातीच्या कापलेल्या बाजूतून पाणी पाझरून राहिलं होतं. मले माहीत नव्हतं असं नाई. प्लांटमधी शेवटची नऊ वर्षं मी सेफ्टी पाहायचो. नुसती टोपी नाई म्हून मी माणसं गेटवरून परत पाठवली आहेत. परमिटवर माझी सही झाल्याशिवाय कोणी टाकीत उतरत नव्हतं, मग मिल थांबो की साहेब ओरडो. ती मिल माझी नव्हती. इथं हायड्राचं मीटर माझं होतं.

मी म्हटलं, "दहा मिनिटांचं काम आहे. उतर."

तो उतरला.

आवाज मोठा नव्हता. ट्रकमधून मुरूम ओतावा तसा. जेसीबी लावता येईना, खाली माणूस. आम्ही हातानं काढलं, साहूजी अन् त्यांची मुलंही आली. चाळीस मिनिटं लागली.

दवाखान्याच्या दारात बिसाहिन आली. उभ्या असलेल्या एकेका माणसाले विचारून राहिली होती, "मोर आदमी ला कोन उतारिस?" माझ्या माणसाले कोणी उतरवलं. मले दोनदा विचारलं. मी असा उभा राहिलो की जसं मले छत्तीसगढी समजतच नाई. सारी उमर इथं गेली माझी.

मग प्रितमनं सामानाचं सुचवलं. त्याचंही वाचत होतं, माझंही वाचत होतं. मी उतर म्हटलं ते ऐकायला कोणी तिसरा नव्हता.

तळघरात जाणं होत नाई मले. भिंती एकदम सरळ बसल्या आहेत, एक थेंब गळत नाई.

हे वाचून पत्र फाडून टाक. तुझ्याशिवाय कोणाले सांगितलं नाई.

देवीदास


भिलाई
१९ एप्रिल २०२४

आत्याले नमस्कार,

मी कौस्तुभ. मले मराठी लिहायची सवय नाई, चुकलं तर समजून घे. फोन तुले ऐकू येत नाई अन् मेसेज तू पाहत नाई, म्हून लिहून राहिलो.

बाबांनी काल आईले सांगितलं की त्यांनी तुले सगळं लिहिलं. आई तेव्हापासून देवासमोर बसून आहे. आत्या, ते लेटर जाळून टाक. प्लीज. बिसाहिननं दुर्गच्या श्रम न्यायालयात केस टाकली आहे, नुकसानभरपाईची. प्रितम म्हणते की तो माणूस कामावर नव्हताच, म्हून केस टिकणार नाई. पण ते लेटर जर कोणाच्या हाती लागलं तर बाबांवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागते. साठ वर्षांचा माणूस जेलमध्ये जाईल. पेन्शनचं काय होईल ते वेगळं.

मी टेका लावू म्हटलं होतं, ये सच है. पण नंतर मीही जोर नाई दिला. लायब्ररीच्या खुर्च्या बुक केल्या होत्या. मले झोप येत नाई असं लिहिणार नाई, कारण झोप येते. तेच खराब वाटते.

जो गया वो तो गया. तिले आम्ही आपल्याकडून अजून काही देऊ, चुपचाप. तू आमच्या घरची मोठी आहेस. आमाले वाचव.

कौस्तुभ


गोंदिया
६ मे २०२४

देवीदास,

पत्र फाडलं नाई. कौस्तुभचं आलं तेही ठेवलं आहे.

तुझं पत्र मी तीन आठवडे तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. रोज डबा उघडायची. हे असते तर यांले विचारलं असतं. मग वाटलं, यांले काय विचारायचं, हे काय म्हणाले असते ते मले माहीत आहे. अन् तू काय म्हणशील तेही.

दोन तारखेले मी पॅसेंजरनं पावर हाउस स्टेशनले उतरले. तिथून जामुलची बस. बस तुझ्या घरावरून गेली. वर विटांचं काम चालू होतं, सीमा सावलीत खुर्ची टाकून बसली होती. मी खिडकीतून पाहिलं. उतरले नाई. उतरले असते तर चहा घेतला असता अन् परत आले असते.

वस्तीत विचारत विचारत गेले. मले ऐकू येत नाई म्हून लोक हातवारे करून सांगत होते. बिसाहिन घरीच होती. मी तुझी बहीण आहे हे मी तिले पहिल्या वाक्यातच सांगितलं. ती उठून आत गेली. मले वाटलं, आता दार लावते. ती पाणी घेऊन आली.

मी वही काढून समोर ठेवली. ती आठवी शिकलेली आहे, हिंदीत लिहिते. तिनं लिहिलं, "सब कहते हैं पीकर उतरा था. वो पीता नहीं था." मग लिहिलं, "ठेकेदार बोलता है उस दिन काम पर नहीं था. तो सुबह छह बजे डब्बा लेकर कहाँ गया था?" मग लिहिलं, "बेटी पूछती है पापा बिना पूछे क्यों उतरे. मैं क्या बोलूँ."

देवीदास, मी तिथं बसून होते अन् उत्तर माझ्या पिशवीत होतं.

तिचे वकील वस्तीतच येतात, युनियनचे. त्यांच्यासमोर मी तुझं पत्र बिसाहिनच्या हातात दिलं. त्यांले मराठी वाचता येत नाई. मी नुसतं बोटानं दाखवलं, उत्तर इथं आहे, अन् घरी यायले निघाले.

तू मले लिहिलं, कारण तुले कोणाले तरी सांगायचं होतं. पण विचारलं होतं तिनं, मी नाई. मी ते ठेवून घेतलं असतं तर सहा तारखेले त्या खड्ड्याच्या काठावर मीही उभी राहिले असते.

आई गेली तेव्हा तू मांडीवर होतास. मी तुले वाढवलं. म्हून हे दुसऱ्या कोणाच्या हातून तुले कळू नये, मी स्वतः लिहून राहिले. तुले माझं तोंड पाहायचं नसेल तर मी समजून घेईन. सीमाले सांग, तिनं मले शिव्या दिल्या तरी माझी हरकत नाई.

बाई


जामुल रोड, भिलाई
३ सप्टेंबर २०२४

बाई,

चार महिने लिहिलं नाई. दोन वेळा लिहायले बसलो अन् शिव्या लिहून फाडल्या. सीमानं तुझं नाव घरात घ्यायचं नाई म्हून सांगितलं आहे. तिच्या जागी ती बरोबर आहे. कौस्तुभ रायपूरले निघून गेला, एका गोदामात कामाले लागला. खुर्च्या आल्या होत्या, त्या परत केल्या. आम्ही दोघं वरच्या दोन खोल्यांमधी राहून राहिलो. तळघराचं दार लावलेलं आहे.

काल दुर्गले तारीख होती. तुले सांगायला पाहिजे.

तू दिलेलं पत्र त्यांच्या वकिलानं पुढं केलं. आमच्या वकिलानं मले आधीच शिकवलं होतं, अक्षर माझं नाई म्हणा, नाईतर म्हणा धक्क्यात होतो, काय लिहिलं आठवत नाई. मीही तसंच म्हणणार होतो, तुले खोटं कावून सांगू. घरून तसंच ठरवून निघालो होतो. बसमधी घोकलं होतं.

जजसाहेबांनी पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं अन् विचारलं, ही कोणती भाषा. वकील म्हणाले, मराठी. खोलीत कोणाले वाचता येते का? कोणाले येत नव्हतं. सरकारी अनुवाद पुढच्या तारखेले येईल असं ठरून राहिलं होतं, तेवढ्यात साहेब मले म्हणाले, "आपका लिखा है?"

मी म्हटलं, हो, माझंच आहे. कसं निघालं मले माहीत नाई. आमचे वकील उभे राहिले. साहेबांनी त्यांले बसवलं अन् पत्र माझ्याकडं दिलं. "तो आप ही पढ़कर हिंदी में बता दीजिए. अनुवाद बाद में मिला लेंगे."

बाई, मी तिथं उभा राहून माझंच पत्र वाचलं. पहिल्या पानावर होतो तेव्हा वाटलं, अजून वेळ आहे. अनुवाद यायले महिना लागतो. मी एक ओळ गाळली तर आज इथं कोणाले कळणार नाई. आमच्या वकिलांनी बोटानं टेबल वाजवलं, बस करा म्हून. बिसाहिन दुसऱ्या बाकावर बसली होती, मुलगी शाळेत असेल, सोबत नव्हती. ती माझ्याकडं पाहत नव्हती, पत्राकडं पाहत होती.

मी गाळलं नाई. टेक्याचं वाचलं, ट्रेलरचं वाचलं. मग चिंधूचं बोलणं आलं. ते मी पत्रात त्याच्याच बोलीत लिहिलं होतं, ते हिंदीत करायचं कारणच नव्हतं. जसं होतं तसं वाचलं. तेव्हा तिनं मान वर केली. त्याच्या पुढची ओळ माझी होती. "उतर." ती मी दोनदा वाचली.

साहेबांनी लिहून घेतलं, सही घेतली. प्रितम उठून बाहेर गेला. आता पोलिसांकडं नवीन गुन्हा होईल, माझ्यावर अन् त्याच्यावर. वकील म्हणतात, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, कमीही होईल. भरपाई तिले मिळेल असं दिसते. माझ्याकडून काय वसूल होते ते पुढं पाहू. घर विकावं लागलं तर विकू, पण ते घेईल कोण.

हे सगळं मी केलं म्हून तू खुश होशील असं मले वाटत नाई. मी तुले माफ केलं असंही लिहीत नाई. ते मले अजून कळून नाई राहिलं.

बाहेर पायऱ्यांवर बिसाहिन उभी होती. मी बाजूनं निघून जाणार होतो. ती समोर आली. मले वाटलं, आता मारते. मारलं असतं तर सोपं झालं असतं.

ती म्हणाली, "अऊ का कहिस?"

मले आधी कळलं नाई. मग कळलं. आणखी काय म्हणाला, असं विचारून राहिली होती. तिले तेवढंच पाहिजे होतं माझ्याकडून. ते बोलणं तिच्या माणसाचं शेवटचं होतं, अन् ते फक्त माझ्याजवळ होतं.

मी आठवून पाहिलं बाई. खूप आठवून पाहिलं. काहीतरी असतं तर बरं झालं असतं. तिचं नाव, पोरीचं नाव, काहीतरी. खोटं सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "कुछू नई कहिस. मूड़ म गमछा बाँधिस अऊ उतर गे."

काही नाई म्हणाला. डोक्याले गमछा बांधला अन् उतरला.

मग तिची बस आली, अन् ती गेली.

देवीदास